हर्णैच्या छपराची साताऱ्याहून केलेली तपासणी आणि विम्याचा दावा

आमचे राहते घर साताऱ्यात शाहूपुरीत आहे आणि सासऱ्यांचे वडिलोपार्जित घर दापोली तालुक्यात हर्णैजवळ, समुद्रापासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर आहे. या दुसऱ्या घराच्या छपरासाठी आम्ही सलग तीन वर्षे पावसाळ्यापूर्वीची तपासणी करून घेतली, आणि गेल्या वर्षी त्याच छपरासाठी विम्याचा दावा करण्याची वेळ आली. ही तपासणी साताऱ्यातील दोन स्थापत्य अभियंते करतात. त्यांचे नाव मी येथे लिहीत नाही, कारण मला व्यक्तींपेक्षा कामाच्या पद्धतीबद्दल सांगायचे आहे. ज्यांचे कोकणात घर आहे त्यांना आपल्या माहितीच्या कोणत्याही जाणत्या अभियंत्याकडून याच पद्धतीने काम करून घेता येईल. माझे मत सुरुवातीलाच सांगते: तपासणीची सेवा उत्तम आहे, दाव्याच्या वेळचे साहाय्य चांगले आहे, आणि पॉलिसी वाचून सल्ला देण्यात मात्र ते कमी पडले.

हा खर्च आम्ही का करू लागलो, हे समजण्यासाठी २०२० मध्ये जावे लागेल. त्या वर्षी ३ जूनला दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात किनाऱ्यावर आले. हवामान खात्याने वाऱ्याचा वेग ताशी १०० ते ११० किलोमीटर आणि झोतांचा वेग १२० किलोमीटरपर्यंत सांगितला होता. बाणकोटच्या खाडीअलीकडे मंडणगड आणि दापोली तालुक्यांतही नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या आणि गावेच्या गावे उघडी पडली. आमच्या मुख्य घरावर तेव्हा मंगलोरी कौले होती आणि मागच्या स्वयंपाकघरावर पत्रा होता. टाळेबंदीमुळे एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जायला ई-पास लागत असे. तो मिळवून आम्ही पोहोचलो तेव्हा वादळाला अकरा दिवस होऊन गेले होते. वीज नव्हती, फोन लागत नव्हते, पाऊस सुरू झाला होता, आणि शेजाऱ्यांनी माणुसकीने आमचे उडालेले पत्रे गोळा करून भिंतीला टेकवून ठेवले होते. त्यांनी केले ते योग्यच होते, परंतु कोणता पत्रा कोठून कसा निघाला याचा पुरावा त्यात संपून गेला.

घरावर जुन्या पद्धतीची अग्निविमा पॉलिसी होती. विमा कंपनीच्या सर्वेक्षकाने विचारले की वाऱ्यापूर्वी छपराची स्थिती कशी होती, वासे किडलेले नव्हते कशावरून, शाकारणी शेवटची कधी झाली होती. आमच्याजवळ एकही छायाचित्र नव्हते. त्यात आमची विमा रक्कम घराच्या बांधकाम खर्चाच्या मानाने फारच कमी होती आणि त्या पॉलिसीत त्या प्रमाणात भरपाई कापण्याचे कलम होते. म्हणजे घर नव्याने बांधायला वीस लाख रुपये लागणार असतील आणि विमा दहा लाखांचाच असेल, तर एक लाखाच्या नुकसानीवर पन्नास हजारच मिळतात. आम्हाला शेवटी मिळालेल्या रकमेत नवे वासेसुद्धा आले नाहीत. अण्णा, म्हणजे माझे सासरे, त्या दिवसापासून विम्याचे नाव काढू देत नव्हते.

वादळानंतर गावातील अनेकांप्रमाणे आम्हीही कौले काढून सगळीकडे पत्रा घातला. माकडांचा त्रास, कौले परतायला मिळेनाशी झालेली माणसे आणि खर्च, ही त्याची कारणे. मात्र पत्रा घातल्यावर छपराचे सगळे गणित बदलते, ते आम्हाला पहिल्या तपासणीत समजले. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो; ताशी ६० किलोमीटरचा वारा १२० झाला की दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. भारतीय मानकातील सूत्राने ताशी १२० किलोमीटरच्या वाऱ्याचा मूळ दाब चौरस मीटरला ६८ किलोच्या आसपास येतो, आणि छपराच्या कडा, कोपरे आणि आढ्याजवळचा भाग येथे वर खेचणारी ओढ याहूनही अधिक असू शकते. अडीच किलोच्या आसपासची पंधरा-सोळा कौले एका चौरस मीटरवर बसतात, म्हणजे कौलारू छप्पर निदान आपल्या वजनाने काही ओढ सोसते. साधा पत्रा चौरस मीटरला चार-पाच किलोचा असतो. तो वजनाने बसलेला नसतोच. त्याला धरून ठेवतात ते हूक, आणि हुकांना धरून ठेवतात त्या रिपा, म्हणजे वाशांवर आडव्या ठोकलेल्या लाकडी पट्ट्या, आणि वासे. त्यामुळे पत्र्याच्या छपराची तपासणी म्हणजे मुख्यतः हुकांची आणि लाकडाची तपासणी.

साताऱ्याच्या माणसाला वारा नवा नाही. ठोसेघरच्या वर चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत त्या वाऱ्याच्याच भरवशावर. परंतु आमच्याकडच्या वाऱ्यात मीठ नसते. शाहूपुरीच्या गच्चीवरील शेडचे हूक पंधरा वर्षांनी पान्याने सहज फिरले होते. हर्णैला मात्र पत्रा घातल्यापासून तिसऱ्याच वर्षी, पहिल्या तपासणीच्या दिवशी, अभियंत्यांनी दक्षिण कोपऱ्यातला एक हूक काढून माझ्या हातावर ठेवला. पत्र्याच्या वर दिसणारा नट जाडजूड होता, त्यावर नुसता तांबूस थर होता. पण पत्र्याच्या भोकातून जिथे दांडा आत जातो, तिथे तो झिजून दाभणासारखा झाला होता. वॉशर कडक होऊन तडकला होता, त्यातून खारट ओल आत जाऊन बसली होती, आणि हे खालून किंवा शिडीवरून पाहून कधीच कळले नसते. “ताई, वरून सगळे हूक असेच जाड दिसतात,” एवढेच ते म्हणाले आणि पुढच्या ओळीकडे सरकले. त्या दिवशी त्यांनी प्रत्येक ओळीतील निदान दोन हूक काढून पाहिले. काढलेल्या ४० हुकांपैकी १७ बदलण्यासारखे निघाले, आणि त्यांतले बहुतेक समुद्राकडच्या पाख्यावरचे, म्हणजे छपराच्या त्या बाजूच्या उतारावरचे होते.

तपासणीची पद्धत मला विशेष भावली. सकाळी वारा पडलेला असताना ते छपरावर जातात, पत्र्यावर पाय न ठेवता आडव्या टाकलेल्या फळीवरून सरकतात आणि प्रत्येक ओळीला खडूने क्रमांक घालतात. छायाचित्रात तो क्रमांक आणि तारीख दोन्ही दिसतील अशी काळजी घेतात. हूक उंचवट्यावर आहेत की खोलगट भागात, पत्र्यावर पत्रा किती चढवला आहे, त्या चढवणीचे तोंड नैर्ऋत्येकडून येणाऱ्या पावसाळी वाऱ्याकडे तर नाही ना, वळचणीपुढे पत्रा किती मोकळा लोंबतो, आढ्यावर बसवलेला पत्रा किती ठिकाणी आवळलेला आहे, हे सारे लिहून घेतात. आमच्या वळचणीचा पत्रा रिपेच्या पुढे दीड फूट मोकळा होता. पावसाचे पाणी ओट्यापासून दूर पडावे म्हणून सुताराने तो मुद्दाम लांब ठेवला होता. पण वाऱ्याला बोट घालायला तीच जागा मिळते, हे त्यांनी समजावून सांगितले आणि तेथे एक जादा रीप व हुकांची आणखी एक ओळ सुचवली. मग ते माळ्यावर चढून आतून वासे पाहतात, संशय आला तर स्क्रूड्रायव्हर टोचून लाकूड किती आत जाते ते पाहतात, आणि वासे भिंतीला पट्टीने बांधलेले आहेत की नुसते टेकलेले आहेत हे तपासतात. खिडक्या आणि दारांचे अडसर हाही त्यांच्या यादीत एक रकाना आहे. पहिल्या वर्षी मला तो अनावश्यक वाटला होता. तो का लागतो, ते पुढे येईल.

सगळ्याला चार-साडेचार तास लागतात. दहा दिवसांत छपराच्या नकाशासह अहवाल येतो, ज्यात तातडीने करायचे, पावसाळ्यापूर्वी करायचे आणि पुढच्या वर्षापर्यंत थांबता येण्यासारखे असे तीन भाग असतात. आम्ही ६,५०० रुपये शुल्क आणि साताऱ्याहून येण्याजाण्याचा खर्च दिला. अहवाल इंग्रजीत होता, आणि गावच्या सुताराच्या हातात तो देऊन उपयोग नव्हता; आम्ही सांगितल्यावर त्यांनी कामाची यादी मराठीत करून दिली, आता ती दर वर्षी न मागता येते. ते स्वतः दुरुस्तीचे काम घेत नाहीत आणि कोणत्याही दुकानाचे हूक सुचवत नाहीत, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. ज्याला हूक विकायचे आहेत त्याला सगळेच हूक गंजलेले दिसू शकतात. चांगल्या जस्तलेपाचे किंवा स्टेनलेस स्टीलचे हूक घ्या आणि प्रत्येकाखाली रबरी वॉशर ठेवा, एवढेच त्यांनी लिहिले. दुरुस्ती झाल्यावर सुताराने पाठवलेली छायाचित्रे त्यांनी अहवालाला जोडली आणि पूर्ण झालेल्या कामासमोर तारीख टाकली. पुढे या तारखेनेच आमचा दावा तारला.

विमा पुन्हा घेण्यासाठी अण्णांची समजूत घालायला एक वर्ष गेले. दरम्यान, १ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी भारत गृह रक्षा ही प्रमाणित पॉलिसी आली होती, जी सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे त्याच अटींवर मिळते. २०२० मध्ये आम्हाला जे कलम भोवले ते तिच्यात नाही: विमा रक्कम कमी पडली तरी त्या प्रमाणात भरपाई कापली जात नाही. इमारतीची विमा रक्कम चटईक्षेत्र आणि बांधकामाचा दर यांच्या गुणाकाराने ठरते, जमिनीची किंमत तिच्यात येत नाही, आणि ती दर वर्षी १० टक्क्यांनी आपोआप वाढते. घरातील सामानासाठी इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत, संरक्षण आपोआप धरलेले असते. वादळ, चक्रीवादळ आणि पूर ही संकटे मूळ पॉलिसीतच आहेत, आणि वादळाला नाव मिळालेले असावे अशी अट नाही. ही शेवटची गोष्ट किनाऱ्यावरच्या प्रत्येक घरमालकाने लक्षात ठेवावी, कारण दर वर्षी मे-जूनमध्ये जी छपरे उडतात त्यांतली बहुतेक बिनानावाच्या वाऱ्यात उडतात.

गेल्या वर्षी मेच्या अखेरीस तसाच वारा आला. रात्री दीडच्या सुमारास मागच्या पडवीची खिडकी अडसरासकट आत आली, वारा घरात शिरला, आणि बाहेरची ओढ व आतला दाब यांच्यात सापडून पडवीचे सगळे आणि मुख्य घराच्या त्याच बाजूचे अकरा पत्रे रिपांसकट उचलले गेले. घरात तेव्हा कोणी नव्हते. शेजारच्या काकांनी सकाळी फोन केला आणि म्हणाले, “वहिनी, तुम्ही येईपर्यंत कशाला हात लावत नाही, आधी फोटो काढून पाठवतो.” त्यांनी पत्रे जिथे पडले होते तिथेच ठेवले, नारळाच्या मुळाशी अडकलेला पत्रासुद्धा. आम्ही साताऱ्याहून मेढा, महाबळेश्वर आणि आंबेनळी घाटमार्गे दुपारपर्यंत पोहोचलो, विमा कंपनीला लेखी कळवले, तलाठी आणि ग्रामसेवकांकडून पंचनामा करून घेतला, आणि आत पाणी जाऊ नये म्हणून ताडपत्री घातली. तिची पावती जपून ठेवली, कारण पुढचे नुकसान टाळणे हे विमाधारकाचे कर्तव्य मानले जाते आणि ते आपण केले हे दाखवावे लागते.

विमा कंपनीने नेमलेले परवानाधारक सर्वेक्षक तिसऱ्या दिवशी आले. ते सभ्य होते आणि घाईत नव्हते. त्यांनी पडलेला एक हूक उचलला, अंगठ्याने घासला आणि गंज असल्याचे टिपून घेतले. माझ्या पोटात २०२० चाच गोळा आला. पॉलिसी तिच्यात नावानिशी लिहिलेल्या संकटांची भरपाई देते. गंज हे त्यांतले संकट नाही, आणि पत्रा गंजामुळे सुटला असा निष्कर्ष निघाला असता तर वाद घालायला जागा राहिली नसती. मी त्यांच्यासमोर अहवाल ठेवला. त्या पाख्यावरच्या ओळी ३ ते ६ मधील सर्व हूक एप्रिलमध्ये बदलल्याची नोंद, दुकानाचे बिल आणि क्रमांकासह छायाचित्रे त्यात होती. त्यांनी नकाशा आणि जागा ताडून पाहिली, आणखी सहा हूक उचलले, ते नवे निघाले. हातात होता तो एकच जुना हूक पडवीच्या कडेचा होता. मग त्यांनी फुटलेल्या रिपांची ताजी, पांढरी चीर जवळून टिपली. हूक लाकडासकट उपटले गेले होते, हे त्या चिरेवरून स्पष्ट होते. त्या रात्रीच्या वाऱ्याचा पुरावा त्यांनी मागितला, तेव्हा हर्णैलाच हवामान खात्याची वेधशाळा असल्याचा उपयोग झाला. तेथील नोंदीसाठी अर्ज करावा हे अभियंत्यांनीच सुचवले होते.

मुख्य घराच्या छपरासाठी आम्ही ९८,००० रुपयांचे अंदाजपत्रक दिले होते, त्यांपैकी ९१,००० मंजूर झाले. नुकसानीनंतर अभियंत्यांनी पुन्हा येऊन केलेल्या अहवालाचे ४,५०० रुपयेही मिळाले, कारण या पॉलिसीत वास्तुविशारद, अभियंता वगैरेंचे शुल्क दाव्याच्या ५ टक्क्यांपर्यंत आणि मलबा हलवण्याचा खर्च २ टक्क्यांपर्यंत समाविष्ट आहे. पडवीचे ५६,००० रुपये मात्र पूर्णपणे नाकारले गेले. पॉलिसी सुरू झाल्यानंतर बांधलेल्या वाढीव भागामुळे चटईक्षेत्र १० टक्क्यांहून अधिक वाढले, आणि जादा हप्ता भरून त्याची नोंद पॉलिसीत करून घेतली नाही, तर त्या वाढीव भागाला संरक्षण नाही, असे कलम आहे. पडवी आम्ही पॉलिसीनंतर सहा महिन्यांनी वाढवली होती. कंपनीचे म्हणणे कलमाला धरून होते, म्हणून आम्ही तक्रार केली नाही. ज्यांचे म्हणणे कलमाला धरून असूनही दावा नाकारला जातो, त्यांनी आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे, मग विमा नियामकाच्या बीमा भरोसा या पोर्टलवर, आणि तरीही निकाल लागला नाही तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जावे. तेथे शुल्क लागत नाही आणि वकिलाचीही गरज नसते.

या सेवेबद्दलची माझी खरी नाराजी येथेच आहे. तपासणीच्या नकाशात नवी पडवी दोन वर्षे मापांसह काढलेली होती. पॉलिसीची प्रत त्यांनी पहिल्याच वर्षी मागून घेतली होती. तरीही ही पडवी पॉलिसीत नोंदवा, असे एक वाक्य अहवालात आले नाही, आणि त्या एका वाक्याची किंमत आमच्यासाठी ५६,००० रुपये झाली. त्यांना हे सांगितले तेव्हा त्यांनी मान्य केले आणि अहवालात पॉलिसीतील क्षेत्र व प्रत्यक्ष क्षेत्र असे दोन रकाने जोडले. नुकसानीनंतरचा अहवालही त्यांनी सांगितलेल्या दिवसापेक्षा नऊ दिवस उशिरा दिला. त्या आठवड्यात त्यांच्याकडे अनेक घरांचे काम होते हे खरे, परंतु उघड्या छपराखाली नऊ दिवस फार मोठे असतात. ड्रोनने काढलेल्या चित्रीकरणाचे वेगळे १,५०० रुपये देऊ नयेत असे माझे मत आहे. छप्पर वरून सुंदर दिसते, हूक दिसत नाही.

आणखी एका गोष्टीची जाणीव करून देणे मला आवश्यक वाटते. नुकसानीच्या दुसऱ्याच दिवशी आम्हाला एका अनोळखी माणसाचा फोन आला, जो मंजूर रकमेच्या ठरावीक टक्क्यांवर दावा मिळवून देतो म्हणत होता आणि कोऱ्या अर्जावर सह्या मागत होता. आमच्या अभियंत्यांनी पहिल्या भेटीतच सांगितले होते की ते टक्केवारी घेत नाहीत, दावा मंजूर होईल असे आश्वासन देत नाहीत, आणि सर्वेक्षकाशी परस्पर बोलत नाहीत. अशा स्पष्ट बोलण्यावरूनच चांगली सेवा ओळखता येते.

घर बराच काळ बंद असणाऱ्यांनी, किंवा हर्णै-मुरुडला आता अनेकजण करतात तसे पर्यटकांना खोल्या देणाऱ्यांनी, पॉलिसी घेण्यापूर्वी ही गोष्ट कंपनीला लेखी कळवावी आणि उत्तरही लेखीच घ्यावे. छप्पर कशाचे आहे, भिंती कशाच्या आहेत, हे प्रस्तावात जसे असेल तसेच लिहावे. ग्रामपंचायतीचा असेसमेंट उतारा, घरपट्टीची पावती आणि अहवाल या तिन्हींवर घराचे क्षेत्र एकच असले पाहिजे. आमच्याकडे ते तीन ठिकाणी तीन होते आणि ते जुळवण्यात एक महिना गेला.

या वर्षीची तपासणी १२ एप्रिलला ठरली आहे. मार्चमध्ये नोंदणी न केल्यास मेपूर्वी दिवस मिळत नाही, आणि पाऊस लागल्यावर आंबेनळी घाटात दरड आली की त्यांचे येणेच खुंटते. या वेळी शेजारच्या काकांचे आणि पलीकडच्या वाडीतील आणखी एक घर सोबत घेतले आहे, त्यामुळे प्रवासाचा खर्च तिघांत विभागला जाईल. पडवीची नोंद पॉलिसीत झाली आहे, खिडकीला सागवानी अडसर बसवला आहे, आणि या वेळी अण्णा स्वतः यायचे म्हणत आहेत, कारण त्यांना समुद्राकडच्या पाख्यावरचा हूक काढून हातात घेऊन पाहायचा आहे.